गाणं कोणाचं, नीट सांगा!

सिनेमा-गाण्यांवर बारीकसारीक प्रश्न विचारणाऱ्याला आपल्याकडे रिकामटेकडा समजतात. ‘अमक्या गाण्यात सॅक्सोफोन कोणी वाजवलाय?’ असं कुणी विचारलं की घरचेच म्हणतात, ‘याला दुसरे उद्योग नाहीत.’ माझं मत बरोबर उलट आहे. असे प्रश्न विचारणारे लोक होते, म्हणून आपल्या सिनेसंगीतातली काही नावं तरी शिल्लक राहिली. जी गेली, ती कुणी विचारलं नाही म्हणून गेली.

पुरावा देतो. १९४९ साली बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ आला. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. त्यातलं ‘आएगा आनेवाला’ घरोघरी वाजायला लागलं. तबकडीवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. आता कामिनी नावाची गायिका नव्हतीच. ते मधुबालानं केलेल्या पात्राचं नाव. तेव्हाची रीतच तशी होती: पडद्यावर जो ओठ हलवतो, त्याच्या पात्राचं नाव लेबलवर. पण हे गाणं ऐकून लोक स्वस्थ बसेनात. रेडिओकडे विचारणा सुरू झाली, ‘ही गाते कोण?’ रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड कंपनीला विचारलं, कंपनीला उत्तर द्यावं लागलं आणि श्रोत्यांना सांगण्यात आलं: लता मंगेशकर. विशीतली मुलगी. तिनंही त्या सुमारास नावासाठी हट्ट धरला आणि ‘बरसात’पासून नाव झळकायला लागलं. म्हणजे पार्श्वगायकाला नाव मिळालं ते गाणाऱ्यांच्या हट्टामुळे, तसंच तुमच्या-आमच्यासारख्यांच्या एका साध्या प्रश्नामुळेही.

नाव मिळालं म्हणून मान लगेच मिळाला असं नाही. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ साली सुरू झाले, त्यात गायकाला जागाच नव्हती. ‘चोरी चोरी’च्या संगीताला पुरस्कार मिळाला, तेव्हा समारंभात त्यातलं गाणं गायला लताबाईंनी नकार दिला. गायकाला पुरस्कार नाही, तर गायकानं तिथं गायचं कशाला? १९५९ साली पार्श्वगायनाचा पुरस्कार आला, तोही स्त्री-पुरुष मिळून एकच. आकाशवाणीवर गीतकाराचं नाव सांगितलं जाऊ लागलं, ते साहिर लुधियानवी त्यासाठी भांडले म्हणून. इथं प्रत्येक नावामागे एक भांडण आहे. हे ठाऊक असलं की ‘गाणं कोणाचं?’ हा प्रश्न फुटकळ वाटत नाही.

आता वाचकांच्या या आठवड्याच्या पत्रांकडे वळतो.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न: ‘लताबाईंनी एकूण किती गाणी गायली?’ आणि त्यासोबत फॉरवर्डमधून आलेला आकडा: पंचवीस हजार, तीस हजार, कुणाकुणाकडे पन्नास हजारसुद्धा. पंचवीस हजारांचं मूळ सापडतं. गिनीज बुकानं तो आकडा छापला होता, १९४८ ते १९७४ या काळासाठी. मोहम्मद रफींनी त्याला हरकत घेतली होती. पुढे १९९१ मध्ये गिनीजनं ती नोंदच काढून टाकली. हे झालं कागदावरचं. पण कागद बाजूला ठेवा आणि स्वतः भागाकार करा. सव्वीस वर्षांत पंचवीस हजार म्हणजे वर्षाला साधारण ९६० गाणी. रोज अडीचपेक्षा जास्त. दिवाळी नाही, आजारपण नाही, परदेश दौरा नाही, रोज! ज्या काळात सगळा वाद्यवृंद एका खोलीत बसवून, गायकाला मधे उभं करून, कुणी एक चुकला की पहिल्यापासून टेक घ्यावा लागत होता, त्या काळात. ज्यांना त्या रेकॉर्डिंगची थोडीशीही कल्पना आहे, त्यांना हे पटणार नाही.

मग खरा आकडा कुठून आणायचा? मोजून. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी तेच केलं. ‘हिंदी फिल्म गीत कोश’ नावाचं त्यांचं काम आहे: बोलपटाच्या आरंभापासून, दशकाला एक खंड, प्रत्येक चित्रपट, त्यातलं प्रत्येक गाणं, गायक, गीतकार, संगीतकार, तबकडीचा क्रमांक. थिएटरात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका, रेकॉर्ड कंपन्यांच्या याद्या आणि खासगी संग्राहकांची कपाटं धुंडाळून हे उभं राहिलं. सरकारनं केलं नाही, विद्यापीठानं केलं नाही, एवढा पैसा फिरवणाऱ्या चित्रपट उद्योगानं तर मुळीच केलं नाही. एका चाहत्यानं केलं. त्या कोशातून लताबाईंची हिंदी गाणी मोजायला बसलात, तर आकडा पंचवीस हजारांच्या जवळपासही पोचत नाही. आणि तरी त्या लताबाईच राहतात. आकडा फुगवून त्यांचा मान वाढतो असं समजणाऱ्यांना एकच विनंती: आकडा पुढे पाठवण्याऐवजी त्यातली शंभर गाणी नीट ऐका.

लताबाईंबद्दलच एका वाचकानं विचारलंय, ‘आनंदघन म्हणजे कोण?’ त्याच. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना त्यांनी ‘आनंदघन’ या नावानं संगीत दिलं: ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’. जी बाई गायिकेच्या नावासाठी अख्ख्या उद्योगाशी भांडली, तिनंच संगीतकार म्हणून स्वतःचं नाव झाकून ठेवलं. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला, तेव्हा ते नाव उघड झालं.

दुसरं पत्र थेट आहे: ‘अमर अकबर अँथनीमधला अँथनी गोन्साल्विस खरा होता का?’

होता. आणि या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे.

अँथनी गोन्साल्विस हे दक्षिण गोव्यातल्या माजोर्ड्याचे. जन्म १९२७. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. आपल्याकडे मुलं बाराखडी गिरवायची, त्या वयात तिकडची मुलं पाच रेघांवरचे स्वर वाचत होती. हीच मुलं पुढे मुंबईला आली, हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये वाजवू लागली आणि तिथून स्टुडिओत शिरली. गोन्साल्विस १९४३ च्या सुमारास आले आणि नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले. नंतर अ‍ॅरेंजर झाले.

अ‍ॅरेंजर काय करतो, ते इथं नीट सांगायला हवं, कारण नव्वद टक्के चाहत्यांचे प्रश्न या माणसापाशी येऊन अडतात. संगीतकार पेटीवर चाल बांधतो. ती चाल साठ वादकांनी वाजवायची, तर प्रत्येकापुढे कागद लागतो. पहिल्या व्हायोलिननं काय वाजवायचं, दुसऱ्यानं काय, चेलो कुठे खाली धरून ठेवायचा, ट्रम्पेट कुठे घुसवायचा, मुखडा संपून अंतरा सुरू होण्यापूर्वीच्या मोकळ्या जागेत काय भरायचं. हे सगळं अ‍ॅरेंजर लिहितो. तुम्ही-आम्ही गाणं गुणगुणताना शब्द संपले की ‘टँ टँ टँ’ म्हणून जी सुरावट तोंडानं वाजवतो ना, ती बऱ्याचदा या माणसानं बांधलेली असते. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांतली व्हायोलिनं ज्यांच्या हातून उतरली, ते सेबॅस्टियन डिसोझाही गोव्याचेच. सरकत्या श्रेयनामावलीत ही मंडळी फार तर ‘साहाय्यक’ म्हणून दिसत, तेही दिसली तर.

गोन्साल्विस यांचं स्वप्न मोठं होतं. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचं एकत्र संगीत त्यांना लिहायचं होतं. १९५८ साली त्यांनी स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि लता मंगेशकर, मन्ना डे त्यांच्या कार्यक्रमात गायले. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला, सिराक्यूस विद्यापीठात गेले. परतले ते थेट गोव्यात. चित्रपटसृष्टीत पुन्हा आले नाहीत. त्यांच्या हाताखाली व्हायोलिन शिकलेला एक मुलगा मात्र मागे राहिला होता: प्यारेलाल. १९७७ मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल ‘अमर अकबर अँथनी’चं संगीत करत होते, तेव्हा प्यारेलाल यांनी गुरूचं नाव गाण्यात आणलं. अख्ख्या देशानं ते नाव तोंडपाठ केलं, पण ते एका वादकाचं नाव आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. चित्रपट-समीक्षक अशोक राणे यांनी पुढे गोन्साल्विस यांच्यावर माहितीपट केला. जानेवारी २०१२ मध्ये गोन्साल्विस गोव्यात वारले.

म्हणून सांगतो, ‘अँथनी गोन्साल्विस खरा होता का?’ हा प्रश्न करमणुकीच्या पुरवणीतला नाही. त्याचं उत्तर देताना गोव्यातल्या चर्चच्या शाळा येतात, मुंबईतले बँड येतात आणि ज्यांनी गाणी लिहून काढली पण ज्यांना सही करू दिली नाही अशा माणसांची एक अख्खी पिढी येते.

याच जातीचा आणखी एक प्रश्न: ‘नागिनमधली पुंगी कोणत्या गारुड्यानं वाजवली?’ कुणीच नाही. १९५४ च्या ‘नागिन’मध्ये ऐकू येते ती पुंगी मुळी पुंगीच नाही. क्लेव्हायोलिन नावाचं विजेवर चालणारं वाद्य आहे ते. छोटी पट्टी, पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या चाव्या, एका वेळी एकच सूर निघणार, आवाजाचा कमी-जास्तपणा गुडघ्यानं ढकलायच्या दांडीवर आणि सुराला थरथर द्यायला पुढं खटके. फ्रान्समध्ये १९४७ च्या सुमारास निघालेलं हे यंत्र कल्याणजी वीरजी शहा वाजवत होते आणि सोबत पेटीवर होते रवी. दोघेही तेव्हा हेमंतकुमारांचे साहाय्यक. पुढे एक कल्याणजी-आनंदजींमधले कल्याणजी झाले, दुसऱ्यानं ‘चौदहवीं का चाँद’ला संगीत दिलं. आजही लग्नाच्या वरातीत बँडवाला ती धून सुरू करतो आणि कुणीतरी रुमाल दातांत धरून जमिनीवर लोळतो. त्या लोळणाऱ्यालाही सांगायला हवं, ही कल्याणजींची बोटं आहेत.

‘शोले’वर दर आठवड्याला चार-पाच पत्रं असतात, बहुतेक संवादांवर. माझ्या मते ‘शोले’वरचा खरा प्रश्न एकच: त्याला तेव्हा फिल्मफेअरचे किती पुरस्कार मिळाले? एक. संकलनाचा. एम. एस. शिंदे यांना. दिग्दर्शकाला नाही, लेखकांना नाही, अमजद खानला नाही. ज्या मराठी माणसाच्या कात्रीतून तो चित्रपट बाहेर आला, त्याला. मराठी वाहिन्यांवर ‘शोले’चे वाढदिवस साजरे होतात, तेव्हा शिंद्यांचं नाव तरी घ्या.

आता एक प्रश्न, ज्याच्या उत्तरावरून माझ्याशी कीर्तनकार मंडळी वाद घालतात. ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा कितवा अभंग? तो तुकोबांचा अभंगच नाही. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवले यांनी तो लिहिला. संगीत केशवराव भोळ्यांचं, गायले विष्णुपंत पागनीस. वळण इतकं तंतोतंत उतरलं की लोकांनी तो तुकोबांच्या नावावर जमा केला आणि देवळातून गाऊ लागले. आठवल्यांना याहून मोठी पावती कुठली, असं म्हणणारे भेटतात. मला ते मान्य नाही. पावतीवर नाव असावं लागतं. तुकोबांना आणखी एका अभंगाची गरज नाही. आठवल्यांना मात्र त्यांच्या अभंगाची आहे.

‘पहिला भारतीय चित्रपट कोणता?’ या प्रश्नावर एका शाळेच्या प्रश्नमंजूषेत भांडण झालं, असं एका शिक्षिकेनं कळवलंय. मुलीनं ‘श्री पुंडलिक’ लिहिलं, तिचा गुण कापला. त्या मुलीला माझा पाठिंबा आहे, पण अर्धा. दादासाहेब तोरण्यांचं ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागलं. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ ला. तोरण्यांनी रंगभूमीवरचं नाटक कॅमेऱ्यात घेतलं होतं आणि छायालेखक इंग्रज होता, म्हणून मान फाळक्यांना देतात. हे उत्तर दोन वाक्यांचं आहे. एका शब्दाच्या रकान्यात ते मावत नसेल, तर रकाना मोठा करा, मुलीचा गुण कापू नका. आणि पुढच्या वेळी मुलांना आणखी चांगला प्रश्न घाला: ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती कोणी केली? अण्णा साळुंके यांनी. हॉटेलच्या मुदपाकखान्यात काम करणारा पुरुष, कारण सिनेमात काम करायला बाई मिळत नव्हती. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. आणि बाई पहिल्यांदा आली कोण? ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई. याच कमलाबाई पुढे गोखले झाल्या. चंद्रकांत गोखल्यांची आई, विक्रम गोखल्यांची आजी.

दूरदर्शन आणि आकाशवाणीवरच्या प्रश्नांची उत्तरं थोडक्यात. ‘महाभारत’मधल्या ‘समया’चा आवाज हरीश भिमानी यांचा. संवाद राही मासूम रझा यांचे, हेही शेजारीच लिहून ठेवा, कारण आवाज आठवतो तेव्हा आठवतात ती वाक्यं त्यांची आहेत. ‘चिमणराव’ दिलीप प्रभावळकर, ‘गुंड्याभाऊ’ बाळ कर्वे. आकाशवाणीची सकाळची धून वॉल्टर कॉफमन यांची: युरोपातल्या ज्यूविरोधी वातावरणातून बाहेर पडून मुंबईला आलेला हा संगीतकार इथं बारा वर्षं राहिला, आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीत सांभाळलं आणि जाताना आपल्या पहाटेला कायमची सुरावट देऊन गेला. ‘गीतरामायणा’त ५६ गाणी का, वर्षाचे आठवडे तर ५२? त्या वर्षी अधिक महिना आला होता. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून सुरू झालेलं ते सदर गीतकार गदिमा आणि संगीतकार बाबूजींनी पंचांगाबरोबर लांबवलं.

आता माझी तक्रार. सत्तर वर्षांपूर्वी तबकडीच्या लेबलवर जागा कमी होती, हे कारण समजू शकतं. आज मोबाइलच्या ॲपवर जागेची काय टंचाई आहे? तरी गाणं लावलं की दिसतं काय: गायकाचं नाव, कधी पडद्यावरच्या नटाचं, चित्रपटाचं पोस्टर. गीतकार तीन वेळा बोट फिरवल्यावर सापडला तर सापडला. वादक नाहीच. मालिका संपता संपता श्रेयनामावली सुरू झाली की चौकट कोपऱ्यात दाबून पुढच्या भागाची जाहिरात येते. गाण्याच्या स्पर्धेत सूत्रसंचालक ‘लतादीदींचं गाणं’ म्हणून मोकळा होतो, संगीतकार खळेकाकांचं किंवा गीतकार शांताबाईंचं नाव घ्यायला त्याला दोन सेकंद नसतात. हा आळस नाही, हा निर्णय आहे. नाव लिहिलं की हक्क येतो, हक्क आला की पैसे द्यावे लागतात. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलून गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीत कायमचा वाटा दिला गेला, तो जावेद अख्तर संसदेत उभे राहिले म्हणून. ज्याचं नावच कुठं नोंदलेलं नाही, त्यानं कुठला वाटा मागायचा?

आणि हे करता येत नाही असं कुणी म्हणू नये. मराठीत ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ गीत, संगीत, स्वर, चित्रपट किंवा नाटक अशी प्रत्येक गाण्याची नोंद व्यवस्थित देतं. हौसेनं, प्रेमानं केलेलं काम. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांना तेवढंही जमू नये?

पुढच्या आठवड्यासाठी प्रश्न पाठवणाऱ्यांना दोन गोष्टी. फॉरवर्ड पाठवू नका, त्यात मी वेळ घालवणार नाही. त्याऐवजी घरात जुनी तबकडी असेल तर दोन्ही बाजूंच्या लेबलचा फोटो पाठवा, क्रमांक वाचता येईल असा. थिएटरात घेतलेली गाण्याची पुस्तिका असेल तर मागचं पानही घ्या, बरीच नावं तिथं असतात. आणि ओळखीत कुणी जुने वादक असतील, तर आधी त्यांच्याकडे जा, माझ्याकडे नंतर. कोणत्या गाण्यात, कोणत्या स्टुडिओत, कोणत्या साली वाजवलं आणि शेजारी कोण बसलं होतं, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. शेवटचा प्रश्न विसरू नका. शेजारच्याचं नाव फक्त त्यांनाच ठाऊक असतं.